लिनक्सची दुरुस्ती उतरत नाही तेव्हा : दोष यंत्रात की वाटेत?

— ऊस विकास अधिकारी, गट कार्यालय, कुडवा



या पत्रिकेत आमच्या खात्यातर्फे आजवर बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांवरच लिहिले गेले. या अंकात विषय जरा निराळा आहे. पण गेल्या काही महिन्यांत गट कार्यालयात हुमणी अळी आणि लोकरी माव्यापेक्षा संगणकाविषयीच जास्त विचारणा झाली, तेव्हा त्यावर एकदा सविस्तर लिहिलेले बरे.

त्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. पुढची विंडोज ११ घ्यावी तर जुन्या यंत्रांतील पुष्कळ प्रोसेसर तिच्या अटीत बसत नाहीत. आता घरात सात-आठ वर्षे चाललेला संगणक नुसता त्यासाठी भंगारात कोण घालील? मग कोणाच्या मुलाने, कोणाच्या पुतण्याने त्यावर उबुंटू किंवा मिंट बसवून दिले. दोन्ही लिनक्सच्याच कुळातली, दोन्ही फुकट. यंत्र पुन्हा पळू लागले. कोणी त्यावर धानाचा हिशेब ठेवतो, कोणी ऊस नोंदीची कागदपत्रे, कोणी बँकेचे व्यवहार करतो. मुलगा पुण्या-नागपूरला परत गेला, आणि दोन महिन्यांनी पडद्यावर लाल-पिवळ्या ओळी आल्या की ‘अपडेट’ झाले नाही, ‘फेल्ड टू फेच’, म्हणजे माल आणता आला नाही.

येथेच घोटाळा सुरू होतो. घरातले म्हणतात यंत्र बिघडले. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू. फॉरमॅट म्हणजे उभ्या पिकावर नांगर. आतली नोंद, फोटो, हिशेब सगळे जाते. आणि शंभरातल्या बहुतेक वेळी यंत्राला काही झालेलेच नसते. माल जेथून यायचा तेथून तो आला नाही, एवढेच असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की दोष यंत्रात आहे, की वाटेत, की जेथून माल यायचा त्या ठिकाणी.

माल येतो कोठून

लिनक्समध्ये प्रोग्रॅम दुकानातून आणून बसवीत नाहीत. प्रत्येक प्रोग्रॅमची एक गठडी असते, तिला पॅकेज म्हणतात, आणि या गठड्यांचे मोठे कोठार इंटरनेटवरील सर्व्हरवर असते. उबुंटूचे मूळ कोठार कॅनॉनिकल ही कंपनी चालवते. डेबियनचे कोठार १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. आपल्या देशातही पुण्याच्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले, ते डेबियनवरच आधारलेले आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. आपली देशभरातील जिल्हा न्यायालये ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटूवर काम करू लागली, न्यायाधीशांना त्याचे प्रशिक्षण दिले गेले. तेव्हा हे काही पोरांचे खेळणे नव्हे.

आता साऱ्या जगाने एकाच कोठारासमोर रांग लावली तर काय होईल? गळीत हंगामात सगळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकाच दिवशी एकाच काट्यावर आले तर जे होते तेच. म्हणून कोठाराच्या हुबेहूब प्रती जागोजाग ठेवतात. त्यांना इंग्रजीत ‘मिरर’, म्हणजे आरसा म्हणतात. विद्यापीठे, संशोधन संस्था, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या खर्चाने हे आरसे चालवतात. आयआयटी कानपूरच्या संगणक विभागाचा आरसा भारतात अनेकांनी वर्षानुवर्षे वापरला आहे.

आपल्याला हे नवे नाही. पैदासकार बेणे संशोधन केंद्रात तयार होते, त्यापासून मूलभूत बेणे, आणि मूलभूत बेण्यापासून कारखान्याच्या व सभासदांच्या मळ्यात प्रमाणित बेणे. को ८६०३२ चे बेणे घ्यायला प्रत्येक जण काही पाडेगावला किंवा मांजरीला जात नाही. जवळच्या बेणेमळ्यातून घेतो. जवळच्या मळ्यात बेणे संपले म्हणून जात नष्ट झाली असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या मळ्यात जातो. संगणकालाही दुसरा मळा दाखवावा लागतो, आणि तो कसा दाखवायचा हेच या लेखाचे मुख्य काम.

अपडेट म्हणजे नेमके काय घडते

उबुंटू, मिंट, डेबियन, बॉस या सर्वांत ‘ॲप्ट’ नावाचा कारभारी हे काम करतो. (आज्ञा येथे बोलण्याप्रमाणे आपल्या अक्षरांत दिल्या आहेत; यंत्रात त्या इंग्रजी लिपीत व इंग्रजी आकड्यांत टंकाव्या.) ‘सुडो ॲप्ट अपडेट’ म्हटले की तो कोठारातून फक्त यादी आणतो, कोणती गठडी कितव्या आवृत्तीची आहे ती. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ म्हटले की त्या यादीप्रमाणे गठड्या आणून बसवतो. पुष्कळ जण पहिली पायरी सोडून दुसरीच चढतात. मग जुन्या यादीप्रमाणे माल मागितला जातो, आणि तो माल केव्हाच बदललेला असतो.

यादी आणतानाही पायऱ्या आहेत. कारभारी प्रथम आपल्या वहीत कोठाराचे नाव पाहतो. ही वही म्हणजे ‘सोर्सेस’ नावाची फाईल. मग त्या नावाचा अंकी पत्ता विचारतो. तलाठ्याला आपण माणसाचे नाव सांगतो आणि तो गट नंबर काढून देतो, तसे नावावरून अंक सांगणारे सर्व्हर असतात, त्यांना डीएनएस म्हणतात. अंक मिळाला की तेथवर रस्ता धरतो. पोचला की यादी मागतो. यादी मिळाली की तिच्यावरची डिजिटल सही तपासतो. यापैकी कोठेही ठेच लागली तरी घरातल्या माणसाला दिसते एकच, ‘अपडेट झाले नाही’. पण कारभारी प्रत्येक ठेचेला निराळा शब्द वापरतो, आणि तो शब्द वाचला तर अर्धे काम झाले.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक छोटा शब्द असतो. ‘हिट’ म्हणजे तेथे जाऊन पाहिले, नवे काही नाही. ‘गेट’ म्हणजे नवी यादी आणली. ‘इग्न’ म्हणजे तूर्त सोडून दिले. ‘एर’ म्हणजे चूक. लाल अक्षरांचा मोठा पसारा दिसला तरी घाबरू नये; पहिली ‘एर’ची ओळ शोधावी आणि तिच्यात कोणत्या सर्व्हरचे नाव आहे ते पाहावे. पुष्कळदा मुख्य कोठाराच्या सगळ्या ओळी ‘हिट’ असतात आणि चूक एकाच भलत्या नावापुढे असते. कोणी तरी कधी एखादा प्रोग्रॅम बसवताना आपल्या वहीत परक्या कोठाराची ओळ घातलेली असते, आणि ते कोठार आता बंद पडलेले असते. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीत ‘अदर सॉफ्टवेअर’ नावाचा कप्पा आहे, तेथे त्या ओळीसमोरची खूण काढली की पुढच्या वेळी अपडेट स्वच्छ जाते. ओळ पुसायचीही गरज नाही.

शेवटी कारभारी असेही सांगतो की काही याद्या आल्या नाहीत, त्या सोडल्या किंवा जुन्याच वापरल्या. याचा अर्थ यंत्र कालच्यासारखेच चालेल. पीक वाळले नाही, एक पाळी चुकली.

नावच सापडत नाही

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ ही ओळ आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते. येथे कारभारी कोठारापर्यंत गेलेलाच नाही. त्याला नावाचा अंकच मिळाला नाही. प्रथम इंटरनेट चालू आहे का ते पाहा. हसू नका. मोबाईलचा हॉटस्पॉट बंद झालेला असतो आणि आपण सर्व्हरला शिव्या देत असतो.

इंटरनेट आहे असे वाटत असेल तर ‘पिंग ८.८.८.८’ ही आज्ञा द्या. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा अंकी पत्ता आहे. येथून उत्तर येते, पण ‘पिंग’ पुढे कोठाराचे नाव लिहिले तर येत नाही, असे झाले तर रस्ता ठीक आहे आणि दोष नाव सांगणाऱ्यात आहे. आपल्या कनेक्शनच्या कंपनीचा डीएनएस अडला की असे होते. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘आयपीव्ही४’ या कप्प्यात डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून, कनेक्शन तोडून पुन्हा जोडावे. बहुतेक वेळा येथेच काम होते. दोन्हींना उत्तर आले नाही तर मात्र कंपनीला फोन करावा. अर्थात काही ऑफिसांत व वसतिगृहांत पिंग मुद्दाम बंद ठेवतात, तेव्हा ब्राउझरमध्ये एखादे पान उघडूनही खात्री करावी.

वसतिगृहावरून आठवले. शहरात शिकणारी आपली मुले सुटीत विचारतात की कॉलेजच्या वायफायवर अपडेट का होत नाही. तेथे आधी नाव व परवलीचा शब्द टाकायचे पान उघडते. ते टाकले नाही तर ॲप्टने यादी मागितली तरी त्याच्या हातात ते पानच पडते. कारभारी हुशार, तो म्हणतो ‘क्लिअरसाइन्ड फाईल इजन्ट व्हॅलिड’, आणि पुढे विचारतो की या जाळ्यात ओळख द्यावी लागते काय? ब्राउझर उघडून आधी प्रवेश करावा, मग अपडेट करावे.

रस्ता लागला पण दार उघडेना

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे दार ठोठावले, वाट पाहिली, कोणी बोलले नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे घर आहे, पण आतून नाही म्हटले. दोन्हींत पहिली चाचणी एकच. दुसऱ्या रस्त्याने जाऊन पाहा. घरच्या फायबरवर होत नसेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करा. हॉटस्पॉटवर झाले तर दोष आपल्या फायबरच्या बाजूला. तेथेही झाले नाही तर दोष कोठाराच्या बाजूला.

गोंदिया जंक्शनवर नागपूर, रायपूर, बालाघाट आणि बल्लारशा अशा चार दिशांनी गाड्या येतात. रायपूरकडची लाईन बंद पडली म्हणून जंक्शन बंद पडले असे आपण म्हणत नाही. इंटरनेटचेही तसेच. भारताचे बहुतेक परदेशी दळणवळण समुद्राखालच्या केबलींतून चालते आणि त्यांतल्या पुष्कळ केबली मुंबईला किनाऱ्यावर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हाही भारतासह आशियाच्या मोठ्या भागात वेग घसरला. अशा वेळी कुडव्यात बसलेल्या माणसाला दिसते एवढेच की विलायतेतील सर्व्हर उत्तर देत नाही, पण देशातल्या आरशावरून माल येतो. म्हणूनच जवळचा आरसा धरावा, असे आमचे मत आहे. इकडचा माल इकडे राहतो.

उबुंटूत आरसा बदलण्याची सोय त्याच ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ खिडकीत आहे. ‘डाउनलोड फ्रॉम’ या जागी ‘अदर’ निवडले की देशवार यादी उघडते. ‘सिलेक्ट बेस्ट सर्व्हर’ दाबले तर यंत्र स्वतःच एकेक दार ठोठावून कोण लवकर बोलतो ते पाहते. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये प्रत्येक आरशासमोर वेग दिसतो, त्यातला बरा दिसेल तो घ्यावा. उबुंटूत मुख्य कोठार व बेस कोठार असे दोन आरसे नसतात, मिंटमध्ये असतात, तेव्हा मिंटवाल्यांनी दोन्ही बदलावेत. आरसा बदलला की ‘अपडेट’ पुन्हा द्यायला विसरू नये, कारण जुनी यादी अजून हातात असते.

एक जरा आडवळणाचा प्रकार आहे. ओळीत पत्ता म्हणून अंक आणि इंग्रजी अक्षरे दुहेरी बिंदूंनी जोडलेली लांबलचक दिसतात आणि पुढे ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असते. तो नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ पत्ता होय. आपल्या राउटरला तो नीट जमत नसेल तर यंत्र त्या वाटेने जाऊन आपटते. ॲप्टला ‘फोर्स आयपीव्ही४’ हा पर्याय ‘ट्रू’ करून दिला की ते जुन्या वाटेने जाते. मुलाला फोनवर एवढे शब्द सांगितले तरी त्याला कळेल.

आणि एक साधी गोष्ट, जी आपल्याकडे सर्वांत जास्त नडते. मोबाईलच्या रोजच्या डेटाचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपवरचा मजकूर तेवढ्यात कसाबसा जातो, म्हणून आपल्याला वाटते नेट आहे. पण अपडेटचा माल शेकडो एमबीचा असतो. तो तेवढ्या सुतासारख्या धारेने येईपर्यंत सर्व्हर कंटाळून हात सोडतो. कोटा मध्यरात्रीनंतर भरला की पहाटे, पंपाची पाळी धरायला उठता तेव्हा, अपडेट लावून द्यावे. अर्धवट उतरलेली गठडी वाया जात नाही. पुन्हा आज्ञा दिली की कारभारी बहुधा तेथूनच पुढे आणतो.

विजेचे मात्र भान ठेवावे. माल उतरताना वीज गेली तर काही बिघडत नाही. माल बसवताना गेली तर अडचण होते. लॅपटॉप असेल तर प्रश्न नाही. टेबलावरचा संगणक असेल तर अपग्रेडला ‘डाउनलोड ओन्ली’ हा पर्याय देऊन रात्री फक्त माल उतरवून ठेवावा आणि विजेची खात्री असेल त्या वेळी बसवावा. मध्येच वीज गेलीच तर पुढच्या वेळी ‘सुडो डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ व ‘ए’ हे पर्याय दिले की अर्धे राहिलेले काम ते पुरे करते. त्यासाठीही फॉरमॅट नको.

पोचलो, पण माल नाही

‘४०४ नॉट फाउंड’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, बोलला, पण मागितलेली वस्तू तेथे नाही. साधे कारण असे की यादी शिळी आहे. ‘अपडेट’ द्या, मग ‘अपग्रेड’.

तरीही प्रत्येक ओळीला ४०४ येत असेल तर समजावे की आपल्या आवृत्तीचे आयुष्य संपले. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणारी एक दीर्घ मुदतीची आवृत्ती असते, तिला पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. कोणी हौसेने नवी म्हणून २४.१० बसवली असेल तर तिची मुदत जुलै २०२५ मध्येच संपली. अशा आवृत्त्या मुख्य कोठारातून काढून ‘ओल्ड रिलीजेस’ नावाच्या जुन्या वखारीत नेऊन ठेवतात. वहीतले नाव बदलून त्या वखारीचे केले की अपडेट चालते, आणि तेथून पुढच्या आवृत्तीवर चढता येते. पण वखारीतच मुक्काम करू नये. तेथे नवी दुरुस्ती येत नाही. आमच्या मते शेतकऱ्याच्या घरी दीर्घ मुदतीचीच आवृत्ती असावी. दर नऊ महिन्यांनी लावण बदलायला आपल्याला वेळ कोठे आहे?

सेंटॉस वापरणाऱ्यांना याचा मोठा अनुभव आला. सेंटॉस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि आरशांची यादी सांगणारे तिचे नावच बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून संदेश येऊ लागला की यजमान सापडत नाही. लोक डीएनएस तपासत बसले, केबल बदलत बसले. दोष त्यांच्या बाजूला नव्हताच. माल ‘व्हॉल्ट’ नावाच्या वखारीत गेला होता. म्हणून नाव सापडत नसेल तेव्हा हेही पाहावे की ते नाव अजून जगात आहे का.

‘हॅश सम मिसमॅच’ किंवा ‘मिरर सिंक इन प्रोग्रेस’ असे आले तर आरसा त्या क्षणी मूळ कोठारातून नवा माल भरून घेत आहे. यादी नवी, माल जुना, किंवा उलट. काही करू नका. दोन-चार तासांनी पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर आरसा बदला.

तारखेचा घोटाळा

हा प्रकार सर्व्हरचा वाटतो पण असतो घरचा. कुडव्याच्या एका सभासदाच्या घरी जुना संगणक आहे. त्यात तीन हंगामांच्या ऊस नोंदीच्या पावत्या, वजनाच्या स्लिपा आणि बिलांचे फोटो जपून ठेवलेले. अपडेट होईना. ब्राउझरही बँकेचे पान उघडेना. दुकानात दाखवले तर सांगितले की सर्व्हर बंद झाले, यंत्र जुने झाले, सगळे पुसून चोरीची विंडोज टाकून देतो. सभासद यंत्र सोडून यायला तयारही झाले होते. सुदैवाने पावत्यांचे काय होईल हे विचारायला गट कार्यालयात आले. त्यांनी मोबाईलवर काढलेल्या फोटोत ओळ स्पष्ट होती, ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट’. म्हणजे यादीवरची तारीख अजून उगवायचीच आहे असे यंत्र म्हणत होते! पडद्याच्या कोपऱ्यात साल पाहिले तर कित्येक वर्षे मागचे.

संगणकाच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. सात-आठ वर्षांत तो संपतो आणि यंत्र दर वेळी जुन्या तारखेला उठते. एरव्ही इंटरनेटवरून घड्याळ आपोआप लागते, पण ती सोय या यंत्रात बंद केलेली होती. सोय चालू केली, तारीख लागली, अपडेट झाले. नवा सेल घड्याळवाल्याकडे मिळतो आणि त्याची किंमत पेनच्या दोन रिफिलींपेक्षा फार नाही. तीन हंगामांचे पुरावे त्यावर अडले होते. वजनाचा किंवा बिलाचा वाद निघाला असता तर त्या सभासदाच्या हातात काय राहिले असते?

त्यावरून सर्वांना एकच विनंती. यंत्र कोणाच्याही हाती देण्यापूर्वी कागदपत्रांची एक प्रत पेनड्राईव्हवर काढा. अपडेट होत नसले तरी फाईल उतरवून घेता येते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

सहीपुढे थांबावे

आतापर्यंतच्या सगळ्या अडचणींत थोडे धाडस चालते. येथे चालत नाही. ‘नो पब्लिक की’ किंवा ‘इज नॉट साइन्ड’ असा संदेश आला तर कारभारी सांगतो आहे की माल आला, पण त्यावरची सही ओळखीची नाही. प्रमाणित धानाच्या पिशवीवर निळा टॅग असतो. टॅग नसलेली पिशवी स्वस्तात मिळाली म्हणून पेरली आणि निसवल्यावर भेसळ दिसली, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

आता अडचण अशी की इंटरनेटवर शोधले तर सल्ला मिळतो, वहीत ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ असे लिहा, किंवा बिनसहीचा माल चालेल असा पर्याय द्या. तसे केले की संदेश जातो, अपडेट होते आणि माणूस खूश होतो. त्याने टॅग तपासणाऱ्यालाच रजा दिलेली असते. त्यानंतर वाटेत कोणी नकली गठडी सरकवली तर ती यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने बसते. त्याच यंत्रावर आपण बँक उघडतो, ऊस बिल जमा झाले का ते पाहतो, आधारचे कागद ठेवतो.

हे काल्पनिक भय नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात चोर शिरले आणि डाउनलोडचा दुवा त्यांनी आपल्या भेसळ केलेल्या प्रतीकडे वळवला. दुवा खरा, पान खरे, माल खोटा. तपासणी करून घेणारे वाचले. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्येच एक खोट सापडली, जिच्यामुळे वाटेतला माणूस खोटा माल पुढे करू शकत होता. ती लगेच दुरुस्त झाली, पण दुरुस्ती पोचली ती अपडेटमधूनच. म्हणून अपडेट महिनोन् महिने अडून राहू देणेही बरे नाही.

सहीचा संदेश परक्या कोठाराच्या ओळीला आला असेल तर ती ओळ बंद करावी. मुख्य कोठाराला आला असेल तर आधी आरसा बदलून पाहावे, तारीख पाहावी, आणि तरीही राहिला तर जाणत्याला दाखवावा. किल्ली नव्याने घ्यायची झाली तर ती त्या लिनक्सच्या स्वतःच्या पॅकेजमधूनच घ्यावी, कोणाच्या तरी व्हिडिओखाली लिहिलेल्या ओळीवरून नव्हे.

एक संदेश मात्र चुकून या यादीत गणला जातो. ‘कुड नॉट गेट लॉक’. त्याचा सर्व्हरशी काही संबंध नाही. यंत्र स्वतःच मागे अपडेट करीत असते आणि एका वेळी एकच कारभारी वहीला हात लावू शकतो. चहा पिऊन या. कुलूप तोडण्याच्या, म्हणजे ती फाईल पुसण्याच्या सल्ल्याला भुलू नका.

एकाने आणावे, चौघांनी घ्यावे

जेथे तीन-चार यंत्रे आहेत, उदाहरणार्थ दूध संस्था, धान गिरणी, शाळा, तेथे प्रत्येकाने तोच माल वेगवेगळा उतरवण्यात डेटा फुकट जातो. ‘ॲप्ट कॅशर एनजी’ नावाचा प्रोग्रॅम एका यंत्रावर बसवला की पहिल्याने आणलेली गठडी तो ठेवून घेतो आणि बाकीच्यांना घरातूनच देतो. हा आपला छोटा बेणेमळाच झाला. इंटरनेट गेले तरी एकदा आलेला माल दुसऱ्या यंत्राला मिळतो, मात्र दोन्ही यंत्रे एकाच आवृत्तीची हवीत. ज्यांच्या वाडीवर इंटरनेट अजिबात धड नाही त्यांच्यासाठी ‘ॲप्ट ऑफलाइन’ आहे. यंत्राने काय हवे त्याची चिठ्ठी पेनड्राईव्हवर द्यायची, इंटरनेट असलेल्या यंत्रावर तेवढा माल भरून घ्यायचा आणि परत आणून उतरवायचा. सह्या त्यातही तपासल्या जातात.

गट कार्यालयात कोणी विचारायला येणार असेल तर यंत्र उचलून आणण्याची गरज नाही. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ दिल्यावर आलेल्या सर्व ओळींचा मोबाईलवर स्पष्ट फोटो काढावा, पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख व वेळ त्यात दिसली पाहिजे. सोबत लिनक्सचे नाव व आवृत्तीचा आकडा, कनेक्शन फायबरचे की मोबाईलचे, आणि हॉटस्पॉटवर करून पाहिले काय हे लिहून आणावे. तोडणीच्या दिवसांत आम्ही सकाळी फडात असतो, तेव्हा दुपारी चारनंतर यावे.